एका सेकंदाच्या आत

नवलखी मैदानावर सकाळी साडेसहाला
फतेसिंग पढियार, पोलिसांच्या श्वानपथकातून निवृत्त,
आधी कुत्र्याकडे बघतच नाहीत.
माझ्याकडे बघतात. माझ्या मुठीकडे,
पट्टा दोनदा गुंडाळून आवळलेल्या.
"साहेब, राग इथून खाली उतरतो," म्हणतात,
"दोरीतनं."

सुंठ माझ्या बुटावर बसून माशी पकडते आहे.
नाव रंगावरून. नऊ महिने झाले,
सुंठ आली तरी खोकला आहेच, म्हणते हेतल,
जिला ती म्हण मीच शिकवली.

घरात बसायला काय म्हणता?
मी म्हणतो, बस.
हेतल म्हणते, बेस.
ओजस्वी शाळेतून बैठ घेऊन येते, कधी सिट.
पढियार कपाळाला हात लावतात.
"चार शब्द, एक कुत्री.
बिचारीनं बसायचं तरी कुठे?"

कलेजीचा तुकडा शेंगदाण्याएवढा,
आणि तो द्यायचा लगेच,
एका सेकंदाच्या आत.
उशीर झाला तर तिला वाटेल
माशी पकडल्याबद्दल मिळाला.
उद्या देऊ म्हटलेल्या शाबासकीला
वास नसतो.

मी बारावीत शाळेत पहिला आलो
त्याचं कौतुक अण्णांनी केलं
बावीस वर्षांनी, दांडिया बाजारात,
शेजारच्या खांडेकरांपाशी.
मी पाठमोरा, स्कूटर काढत होतो.
हातात किल्ली असून
खिशात किल्ली शोधत राहिलो.

"आणि बोलावून कधी रागवायचं नाही.
ये म्हटलंत, ती आली, आणि फटका दिलात,
की तो शब्द नासला.
नासलं ते फेकायचं. उकळत नाही बसायचं.
दुसरा शब्द घ्यायचा."

माझ्याकडे आहे एक, जुना.
इकडे ये.
प्रगतिपुस्तकातली लाल रेघ, टेबलावर फूटपट्टी.
अण्णा प्रतापनगरच्या कारखान्यात टाइमकीपर,
घरीही मिनिटामिनिटाचा हिशेब,
आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर
माझे पाय, आठ वर्षांचे,
वर जावं की खाली याचा विचार करणारे.

दिवाळीत सुंठीनं अण्णांचा चष्मा चावला.
मी तिला हाक मारली.
आवाज माझ्या घशातून आला
पण माझा नव्हता, ओळखीचा होता.
ती आली. शेपूट पोटाशी.
मारलं नाही हो मी, असं पढियारांना सांगतो.
ते सुंठीकडे बघतात.

"भूक असते, ऊन असतं, वय असतं,
आधी कुणी दगड मारला असेल तर तेही असतं,"
ते माझ्या बोटांभोवतीचा पट्टा
एकेक वेढा करून सोडवतात.
"तुमची कुत्री हुशार आहे. शिकली आहे.
काय शिकली ते तुम्ही बघा."

घरी अण्णा, वय एक्क्याऐंशी, गॅलरीत,
कानाचं यंत्र डबीत काढून ठेवलेलं.
चार वाजून दहा मिनिटांनी
ते भाकरीचा कोपरा मोडतात. रोज.
चार वाजून नऊ मिनिटांनी सुंठ
त्यांच्या पायाशी बसलेली असते.
बस नाही, बेस नाही, काही नाही.

आज मात्र खाली सेव-उसळीच्या गाडीवर
तर्रीचं झाकण उघडलं
आणि ती वासामागे जिन्यापर्यंत गेली.
मी दारात उभा. तोंड उघडलं होतं,
कुठला शब्द ते ठरत नव्हतं.

चार दहा.
अण्णांनी मांडीवर हात टेकवला
आणि म्हणाले, "ये."

एवढं हळू, की त्यांना स्वतःला
ऐकू आलं नसणार.

सुंठ वळली.
माझाही एक पाय
उंबऱ्याच्या आत पडला होता.